तपासणी अहवाल : दुसरा मसुदा

पहिला मसुदा साहेबांनी परत पाठवला.
म्हणाले, यात फार समुद्र आहे.

म्हणून आधी कामाचं:
नासाऊहून टपालबोटीनं निघालो तो सोमवार होता.
सोबत बारा फोन, चाळीस कार्डं,
एक छत्री, आणि गव्हर्नरांच्या सहीचं पत्र.
बेटावरची एकुलती बँक
वादळाच्या आधीच कुलूप लावून गेलेली.
सगळंच वादळावर ढकलता येत नाही,
हेही नोंदवावं.

आमच्या खात्यात तीन वर्षं
एकाच प्रश्नाचा कीस पडला होता:
फोनमधला पैसा म्हणजे ठेव, की निरोप?
ठेव असेल तर कायदा आहे.
निरोप असेल तर ते टपालवाल्यांनी बघावं.
मॉक्सीबाई निवृत्त होईपर्यंत
दोन्ही बाजूंची टिपणं लिहीत राहिल्या,
वेगवेगळ्या शाईत.
तोवर त्यांचीच नात डब्याचे पैसे
मैत्रिणीला फोनवरून पाठवायला लागली होती,
कुणालाही न विचारता.

मग आम्हीही नाणं पाडलं. न वाजणारं.
त्याला नाव दिलं
ओहोटीला वाळूत सापडणाऱ्या चपट्या कवचाचं,
ज्याच्या पाठीवर पाच पाकळ्या असतात
आणि जे मुठीत जरा दाबलं की मोडतं.

युलाली रोल यांचं दुकान लाटेनं उचललं होतं
आणि जवळपास तिथंच परत ठेवलं होतं.
पत्रा नवा, तराजू जुना.
मी म्हणालो, टॉवर पडला तरी चालतं हे.
इंटरनेट लागत नाही.
कार्ड फोनला टेकवायचं, बस्स.
बाई म्हणाल्या, टेकव.

टेकवलं.
पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं.
पुन्हा टेकवलं.
शर्टाला पुसून टेकवलं.
(पहिल्या मसुद्यात इथे अर्धं पान समुद्र होता.)

दुपारचे दोन वाजलेले.
सकाळपासून मी पाण्याच्या दोन बाटल्या
आणि पेरूचा जॅम लावलेला एक पाव संपवून बसलो होतो,
आणि पाकिटात एक सेंट नव्हता.
रोकड न्यायची नाही, असा आदेशच होता,
नाहीतर प्रयोग खरा कसा व्हायचा?
सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही.
प्रशिक्षणात हे नव्हतं. उभ्या उभ्या कळलं.

युलालीबाईंनी गल्ल्याखालून वही काढली.
भिजून फुगलेली, उन्हात वाळवलेली,
पेन्सिलीची अक्षरं तेवढी टिकलेली.
शाई, त्या म्हणाल्या, पाणी दिसलं की माहेर विसरते.
पानं उलटली.
कुणाचे तांदूळ, कुणाचं रॉकेल,
एका ठिकाणी शवपेटीचे खिळे,
त्यावर आडवी रेघ, पैसे न घेता मारलेली.
नाव काय लिहू?
मी माझं सांगितलं.
तुला मी ओळखत नाही, त्या म्हणाल्या.
पाठवलं कुणी?

आणि लिहिलं:
सेंट्रल बँक. पाणी दोन. पाव एक. येणे बाकी.

दर जुलैत नव्या पोरांना मी एक व्याख्यान देतो.
सगळ्या बँकांचा श्वास कोंडला
की एकच दार उघडं राहतं, आणि ते आपलं.
अखेरचा ऋणदाता.
हे शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो
आणि खाली दोन रेघा ओढतो.

बोट संध्याकाळी सुटली.
बाई धक्क्यावर आल्या नाहीत, दुकानात गिऱ्हाईक होतं.
कार्डं चाळीसच्या चाळीस परत आणली आहेत.
बिघाड कंपनीला कळवला, उत्तर आलं:
पुढच्या आवृत्तीत.

साहेब, तीन डॉलर साठ सेंट अजून द्यायचे आहेत.
लेखा विभाग पावती मागतो.
पावती त्यांच्याकडे आहे, पेन्सिलीत.
कोणत्या सदराखाली टाकू, असं त्यांनी विचारलंय.
मी कळवलंय:
ही ठेव नाही. निरोपही नाही.
तिसरा रकाना आखावा लागेल.